दुसरीकडचं कापड

६ जानेवारी

वहिनी,

तू म्हणशील, हातात फोन असताना ही बया पत्र काय खरडतेय. फोन केला की दादा शेजारी बसलेला असतो, हे तुझ्या आवाजावरून कळतं. तू "हो", "बरं", "बघू" एवढंच बोलतेस. त्यापेक्षा कागद बरा, तो कान देऊन ऐकतो तरी.

बातमी अशी की मी सेक्रेटरी झाले. आपल्या लाँड्रीच्या युनियनची. हसू नकोस. कोणी उभंच राहत नव्हतं. मग एकजण म्हणाली, "हिला ना नवरा ना पोरं, हिला वेळच वेळ." सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. लागलं मला, पण बोलणं खोटं नव्हतं.

घडलं ते सांगते. निवडीच्या टेबलावर आक्का आहे, तू इथलं काम सोडून गेल्यावर लागलेली, कंत्राटी. हॉस्पिटलांची बोचकी सोडायची, चादरी एकीकडे, ऑपरेशनचे कपडे एकीकडे करायचे, हे तिचं काम. आता भिंतीवर एक पडदा लावलाय. कोण किती उरकतं ते त्यावर दिसतं आणि मागे पडलं की नाव लाल होतं. आक्काचं नाव लाल झालं, तिने हात भरभर चालवले आणि चादरीत राहिलेली सुई तळहातात घुसली. वापरलेली सुई. कोणाच्या अंगात गेलेली, देव जाणे. रक्त तपासतात, पण नक्की कळायला महिने जातात. तोवर ती घरात वेगळं ताट घेऊन कोपऱ्यात बसते, नातवंडाला जवळ घेत नाही. आणि साहेब म्हणतात, ती आमची नाही, कंत्राटदाराची आहे. छप्पर एक, टेबल एक, पण ती "आमची नाही"!

आमचं मागणं सरळ आहे. जाड हातमोजे द्या, पडदा काढा, कंत्राटी बायकांना आमच्यासारखंच वागवा. नाही तर संप.

कंपनीने दादाला तिकडच्या लाँड्रीचा मॅनेजर केलं तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगत सुटले होते. आणि मी सेक्रेटरी झाले तसं त्याने बोलणंच टाकलं. त्याला म्हणावं, भांडण कंपनीशी आहे, तुझ्याशी नाही.

मीटिंग संपली की सगळ्या घराकडे पळतात. मी खोलीवर येते, कुलूप काढते. दिवसभर बोलून घसा बसलेला असतो आणि "चहा घेतेस का" असं विचारायला कोणी नसतं. म्हणून तुला हे.

बारकी

१४ जानेवारी

बारके,

सेक्रेटरीबाई झालात, आता वन्सं म्हणून मान द्यायला हवा! लग्न होऊन आले तेव्हा तू माझ्या पदराला धरून फिरायचीस, दुकानदाराला "साखर द्या" म्हणायलाही लाजायचीस. आता साहेबांना दम देतेस. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

माझंही एक सांगायचं राहिलं. मी पण इथे लाँड्रीत लागलेय, घड्यांच्या टेबलावर. लेक परदेशी, घर मोठं, दिवस खायला उठतो. तुझा दादा म्हणाला, "मॅनेजरची बायको घड्या घालणार?" मी म्हटलं, घरी काय वेगळं करते? शेवटी कंत्राटदाराकडून लावलं, म्हणजे कागदावर मी त्याची कोणी नाही. तो केबिनच्या काचेतून बघतो, मी घड्या घालते. आमची नजरानजर झाली तर दोघंही दुसरीकडे बघतो.

त्याच्यावर रागावू नकोस. त्याचं इकडे आड तिकडे विहीर आहे. वरचे साहेब त्याला विचारतात, "तुमची बहीणच ना ती?" जेवताना समोर बसतो, पण ताटात बघून जेवतो.

एक विचारू? संप केलात तर आजाऱ्याच्या अंगाखाली काय घालायचं? आपल्या आई हॉस्पिटलात होत्या तेव्हा चादर वेळेवर बदलली नाही, तर पाठीला काय झालं होतं ते तू पाहिलंस. तुमचं म्हणणं खरंच आहे. पण ज्याचा काही गुन्हा नाही, त्याचीच पाठ सोलायची का?

वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

संप सुरू झाला. तुझं म्हणणं मी जसंच्या तसं मीटिंगमध्ये मांडलं, तुझं नाव न घेता. मोठा गदारोळ झाला. शेवटी ठरलं की एक मशीन चालू ठेवायचं. ऑपरेशनचे कपडे आणि नव्या बाळांची कापडं आम्ही पगार न घेता धुऊन देऊ. "असला कसला अर्धाच संप," म्हणून काहींनी तोंडं वाकडी केली. पण ठरलं.

मी तसं लिहून साहेबांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, हसले, म्हणाले, "ठेवा तुमची दया तुमच्याजवळ. आमची सोय झालीय." आणि गेटला आतून कुलूप घातलं.

मागच्या गेटने ट्रक भरून जातात. कुठे जातात ते ड्रायव्हर सांगत नाही. आमच्यातल्या पोरी म्हणतात, सेक्रेटरीचा भाऊच धूत असेल. तोंडावर म्हणतात. मी सांगितलं, माझ्या वहिनीला विचारते, ती माझ्याशी खोटं बोलणार नाही.

म्हणून सरळ विचारते. आपल्याकडच्या चादरी तुला ठाऊक आहेत, निळ्या काठाच्या. त्या तुमच्याकडे येतायत का?

गेटसमोर आम्ही दिवसभर बसून असतो. आक्का रोज येते, हात पदराखाली झाकून. कोणी तिच्याजवळ चिकटून बसत नाही. मी बसते.

बारकी

९ फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. थंडीत जमिनीवर बसू नकोस, खाली काहीतरी घे. तुझी कंबर लहानपणापासून नाजूक. मला गुडघ्याचा त्रास आहे, डॉक्टर म्हणतात उभं राहणं कमी करा, आता घड्या काय झोपून घालू?

इकडे नेहमीचंच चाललंय. काम जरा वाढलंय, ओव्हरटाइम असतो. घरी येते तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. लेकाचा फोन आला होता, बरा आहे.

आक्काची काळजी घे. वेळेवर जेव.

वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी कमिटीत दाखवलं नाही, पण सांगितलं की तिकडे कापड जात नाही. तू "नेहमीचंच" लिहिलंस, मला तेवढं पुरलं.

मग कोण धुतंय? कोणीतरी म्हणालं, नाक्यावरचे लाँड्रीवाले काका. घरातच दोन मशीन टाकून बसलेला म्हातारा माणूस. त्यांचा टेम्पो अडवायला आमचे काहीजण गेले. मी "समजावून सांगा" म्हटलं होतं. तिथे शब्दाला शब्द वाढला, कोणीतरी ढकललं. काका फुटपाथच्या कडेवर आपटले. हात मोडला, तोही उजवा. टेम्पोचं दार उघडलं तर आत हॉटेलची टेबलक्लॉथ. फक्त टेबलक्लॉथ, वहिनी.

कमिटीत मी म्हटलं, ज्याने ढकललं त्याने पुढे यावं, आपण सगळ्यांनी जाऊन माफी मागावी. तर म्हणाले, "आता गप्प बसायचं. युनियन बदनाम झाली तर संप गेला." मी म्हटलं, म्हणजे साहेब आक्काला "आमची नाही" म्हणतात आणि आपण काकांना. मग फरक काय राहिला? मतं घेतली. माझ्या बाजूने फक्त आक्काचा हात. आणि तिला मत देता येत नाही, ती कायम नाही म्हणून.

मी एकटीच हॉस्पिटलात गेले. काका नुसत्या रेक्झिनच्या गादीवर पडले होते, पाठ घामाने चिकटलेली. चादर नव्हती. नर्स म्हणाली, "पुरत नाहीत हो, संप आहे ना." मी कोण ते सांगितलं. त्यांची बायको म्हणाली, "तुमचा हक्क मोठा असेल बाई. आमचा माणूस छोटा होता, एवढंच ना?"

मला तेव्हा कोणीतरी बरोबर हवं होतं.

बारकी

२५ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र हातात घेऊन मी खूप वेळ मोरीत उभी होते. आता जे आहे ते लिहिते.

कापड इथेच येतंय, पहिल्या दिवसापासून. निळा काठ बघताच ओळखला, इतकी वर्षं त्याच घड्या घातल्यात. तुझं आधीचं पत्र आलं तेव्हा जेवताना मी तुझ्या दादाला म्हटलं, "बारकीने विचारलंय."

"काय विचारलंय?"

"कापड कुठलं आहे ते."

त्याने हातातला घास खाली ठेवला. "लिही की. आणि उद्यापासून घर कशावर चालवायचं तेही लिही. ह्या वयात मला कोण नोकरी देणार आहे?"

बारके, तो ओरडला असता तर मी लिहिलं असतं. तो घाबरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी तुला गुडघ्याचं लिहिलं. तू "नेहमीचंच" धरून बसशील आणि त्यापायी कोणाचा हात मोडेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी सुपरवायझरला सांगितलं, निळ्या काठाला मी हात लावणार नाही, बाकीचं सगळं करते. टेबलावरच्या बायका घड्या घालत राहिल्या. कोणी माझ्या बाजूने उठलं नाही. त्यांना वाटलं असेल, साहेबाची बायको, हिला काय होतंय. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. वॉचमन ओशाळून म्हणाला, "बाई, कंत्राटदाराने नाव काढलंय." तुझा दादा काचेच्या आत उभा होता. त्याने मला पाहिलं. आणि पाठ फिरवली.

हे पत्र कमिटीत वाचायचं तर वाच. त्याच्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. काकांच्या बायकोला सांग, चूक तुझ्या एकटीची नव्हती.

वहिनी

१० मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. फक्त सांगितलं की मी दिलेली खबर चुकीची होती, कापड तिकडे जातंय. कोणी विचारलं नाही मला कसं कळलं. सगळ्यांना कळलंच. तुझा राग आला होता, अजून आहे. खोटं कशाला लिहू? पण कार्ड चालेना म्हणून तू गेटवर उभी राहिलेली डोळ्यांसमोर येते आणि तो राग नीट धरताही येत नाही.

ज्याने ढकललं तो अखेर स्वतःच काकांकडे गेला. त्यांचा टेम्पो तो आता चालवतो, हात बरा होईपर्यंत. ते मी सांगून झालं नाही, त्याच्या बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं म्हणून झालं.

संप मिटला. हॉस्पिटलं कंपनीच्या मागे लागली होती, घरोघरी आमच्याही चुली थंडावल्या होत्या. हातमोजे सगळ्यांना. पडदा काढणार, पण कायम कामगारांच्या टेबलांवरचा. दुखापतीच्या औषधपाण्याचा खर्च, तोही कायम असलेल्यांना. कंत्राटी बायकांबद्दल करारात एक ओळ आहे, "पुढे विचार करू."

मी विरोधात हात वर केला. हरले. आणि बहुमताने काही ठरलं तरी खाली सही सेक्रेटरीचीच लागते. मी ती केली. साधी सही, रोजच्यासारखी.

बाहेर आक्का उभी होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. म्हणाली, "संप माझ्या हातावरून सुरू झाला होता ना गं?" बस्, एवढंच. मग आपली पिशवी उचलून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्या कंत्राटी बायका माझ्या अंगावरून गेल्या, जशा खांबाला वळसा घालून जातात तशा.

मी कामावर जाते. डबा एकटी खाते.

बारकी

१६ मार्च

बारके,

तुझ्या ध्यानात आहे की नाही माहीत नाही, म्हणून लिहिते. मीही कंत्राटीच होते.

तुझ्या संपासाठी माझं काम गेलं. आणि तू सही केलीस त्या कागदात माझ्यासारख्या बाईला "पुढे विचार करू" म्हटलंय. मी तुझ्याशी लपवलं, तू आम्हाला सोडलंस. आता फिटंफाट झाली असं म्हणू नकोस. असलं फिटत नसतं.

तुझी अडचण मला समजते, तसं मीच तुला सांगायला हवं, मोठी आहे मी. पण समजून घेऊन घेऊन थकले आता. घरात नवऱ्याचं समजून घ्यायचं, कागदावर नणंदेचं. काही दिवस लिहिणार नाही. तब्येतीला जप.

वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

मधल्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. येणार नाही हे धरूनच हे लिहितेय.

सेक्रेटरीपद सोडलं. आक्काचं रक्त चांगलं निघालं. तिने मला सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं. कंत्राटी बायकांनी त्यांची वेगळी युनियन काढलीय, आक्का अध्यक्ष. परवा ती आमच्या ऑफिसची किल्ली मागायला आली, मीटिंगला जागा हवी म्हणून. नवा सेक्रेटरी का-कू करत होता. मी त्याच्याशी भांडून किल्ली मिळवली आणि दार उघडून दिलं. त्या आत गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी बाहेर पायरीवर थांबले. आतून भांडणं ऐकू येत होती, हसणंही. आमच्या मीटिंगांत इतकं हसू कधी नव्हतं.

मला वाईट वाटलं. पण त्यांनी बोलवायला हवं होतं असं वाटलं नाही.

तू बरी आहेस, एवढं तरी कळव.

बारकी

७ मे

बारके,

दादा लिहितोय. अक्षर ओळखशील.

तुझी सगळी पत्रं तिला पोचली आहेत. ती वाचते. उत्तर द्यायला ती घरात नसतेच. इथल्या कंत्राटी बायकांनी काम थांबवलंय. तिचं नाव काढलं तेव्हा गप्प बसल्या होत्या त्याच. नंतर त्यांच्या ध्यानात आलं म्हणे, की साहेबाच्या बायकोची ही गत, तर आपला काय पाड. एकेक करून घरी येऊ लागल्या. मी आलो की गप्प व्हायच्या. आता दिवसभर गेटबाहेर बसतात, ती त्यांच्या मधोमध. मी गाडीतून आत जाताना खिडकीची काच वर करतो.

घरी येते, माझं ताट वाढून झाकून ठेवते आणि आतल्या खोलीत जाऊन जेवते. लाँड्रीत मला सगळे साहेब म्हणतात. नावाने हाक मारणारी एक तीच होती. आता तीही मारत नाही.

कामाचं लिहितो. वरून हुकूम आलाय, इथलं कापड तुमच्याकडे पाठवायचं. ट्रक सोमवारी निघेल. आमच्या चादरींना पिवळा काठ असतो. मी ट्रक अडवणार नाही. तेवढी छाती माझ्यात नाही, हे तुला आणि तिला दोघींनाही माहीत आहे. पण ह्या वेळी तू विचारायच्या आधी सांगतोय.

मी लिहिलं हे कोणाला सांगायचं असेल तर सांग.

दादा

१८ मे

दादा,

ट्रक आला. बोचकी उतरली आणि पिवळा काठ दिसला तशा आक्का आणि तिच्या बायका टेबलापासून मागे झाल्या. त्यांना मी आधीच सांगितलं होतं. तुझं नाव घेतलं नाही. पण कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, हे धरून ठेव.

मग मी मशीनमशीन फिरले. मी आता कोणी पदाधिकारी नाही, त्यामुळे "तू कोण सांगणार" हे ऐकावं लागलं. "करार झालाय, आता काम थांबवलं तर नोकरी जाईल," हेही ऐकलं. ते खोटं नाही. मी म्हटलं, संपात आपलं कापड तिकडच्या बायकांनी धुतलं. त्यांना कोणी काही सांगायला गेलं नव्हतं. तुम्हाला मी सांगायला आलेय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. बरेचजण मान खाली घालून काम करत राहिले. पण इस्त्रीच्या रोलरवरची उठली, तिच्यामागे धुलाईचे दोघे. काका पडले तेव्हा ज्याने त्यांना ढकललं होतं, तोही. रोलर थांबला की पुढचं सगळंच तुंबतं, तुला सांगायला नको.

ऑपरेशनचे कपडे आणि बाळांची कापडं आम्ही निवडून धुतली, सगळ्यांनी मिळून, आक्काच्या देखरेखीखाली. बाकीचं त्याच ट्रकमधून परत. आम्हाला नोटिसा आल्यात. माझी नोकरी बहुतेक जाईल. आक्काने नोटीस वाचून घेतली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "ये, आत बस."

काल वहिनीचा कागद आला. दोनच शब्द आहेत. "ट्रक परतला." खाली नाव नाही. मी उत्तर लिहायला बसले, पण काय लिहावं ते सुचेना. म्हणून तुलाच लिहितेय.

तू वाईट माणूस आहेस असं मला कधीच वाटलं नाही. तू घाबरतोस, मीही घाबरते. तुला छाती काढून उभा राहा असं मी सांगणार नाही. पण उन्हं वाढलीत, तिथे गेटबाहेर सावली नाही आणि आतला नळ तुझ्या केबिनशेजारी आहे. गाडी गेटपाशी थांबव, काच खाली कर आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन जा. तिला नावाने हाक मार. तिने घेतलं नाही, तर तिच्याजवळ ठेवून ये.

बारकी